वाट पाहायची, पण तारीख ठरवून

धाकट्या भावाच्या मूत्रवाहिनीत, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीत, सहा एमएमचा खडा निघाला आणि घरात दोन तट पडले. मेव्हणे म्हणतात, लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून लेसरने खडा फोडून मोकळं व्हावं, दुखणं अंगावर काढू नये. काका म्हणतात, खडा विरघळवणारं औषध घे, महिन्याभरात पडेल, माझा तसाच पडला होता. मी इंग्लंडमध्ये राहते, म्हणून ‘तुमच्याकडे काय करतात?’ हा प्रश्न माझ्याकडे आला.

ताप नाही, दुसरी किडनी नीट काम करते आहे आणि वेदना औषधाने आटोक्यात राहतात, एवढी खात्री झाली की इथे अशा रुग्णाला बहुधा वेदनाशामक देऊन घरी पाठवतात. हे सांगितल्यावर घरचे अस्वस्थ झाले. उपचार न करताच परत पाठवतात? पण वाट पाहणं हाही उपचारच आहे, आणि ते आपल्याकडे रुग्णाला कुणी नीट समजावून सांगत नाही असं मला फार वाटतं. ब्रिटनमध्ये मूत्रवाहिनीत दहा एमएमपर्यंतचा खडा असलेल्या हजाराहून अधिक रुग्णांची एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला टॅमसुलोसिन दिलं, दुसऱ्याला निफेडिपिन (ही दोन्ही मूत्रवाहिनी सैल करून खड्याला वाट द्यावी म्हणून दिली जाणारी औषधं) आणि तिसऱ्याला औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी. चार आठवड्यांत तिन्ही गटांमध्ये सुमारे ८० टक्के लोकांना पुढच्या उपचाराची गरज पडली नाही. तिसऱ्या गटातही तेवढ्याच! म्हणजे काकांचा खडा पडला हे खरं, पण काही न घेताही तो पडण्याची शक्यता मोठी होती. या काळात जे औषध चालू असेल त्याला यश मिळतं आणि त्याची ख्याती पसरते. (मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी अडकलेल्या खड्यासाठी टॅमसुलोसिन अजूनही देतात, त्यात गैर काही नाही.) औषधाने खरोखर विरघळू शकतो तो युरिक ॲसिडचा खडा, तोही लघवीची आम्लता कमी करून. बहुतेकांचे खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते असे विरघळत नाहीत.

मेव्हण्यांचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही. मूत्रवाहिनीतला दहा एमएमपेक्षा लहान खडा आपोआप पडला नाही, तर इथली मार्गदर्शक तत्त्वं आधी शॉकवेव्हचा, म्हणजे शरीराबाहेरून लहरींचे धक्के देऊन खडा फोडण्याचा, पर्याय देतात. त्यात शरीरात काही घालावं लागत नाही, बहुधा पूर्ण भूलही लागत नाही. पण फुटलेले तुकडे लघवीतूनच पडायला हवेत, आणि खडा कठीण असेल तर तो फुटतही नाही. इथल्याच आणखी एका चाचणीत शॉकवेव्हनंतर सुमारे २२ टक्के रुग्णांना सहा महिन्यांच्या आत पुन्हा उपचार घ्यावे लागले. दुर्बिणीनंतर सुमारे १० टक्क्यांना. भाऊ नोकरीमुळे सतत फिरतीवर असतो. पुन्हा पुन्हा रजा काढणं त्याला जमत नसेल, तर दुर्बिणीचा विचार त्याने जरूर करावा. मात्र त्यात भूल आली आणि बऱ्याचदा काही दिवसांचा स्टेंटही (मूत्रवाहिनी मोकळी राहावी म्हणून आत ठेवलेली बारीक नळी) आला. स्टेंटमुळे होणारी जळजळ आणि सारखी लघवीची भावना यांची कल्पना रुग्णाला आधीच द्यायला हवी.

इथल्या पद्धतीचा मला राग येतो तो वेगळ्याच कारणासाठी. वाट पाहायला सांगतात आणि कधीकधी विसरून जातात. ओळखीतल्या एका गृहस्थांना तात्पुरता स्टेंट घातला होता, आणि खडा काढायची तारीख महिनोनमहिने पुढे जात राहिली. स्टेंट फार काळ राहिला तर त्याच्यावरच क्षार साचतात आणि तो काढणं अवघड होऊन बसतं. बिनस्टेंटच्या रुग्णालाही धोका असतो. दुखायचं थांबलं म्हणजे खडा पडला असं नाही. तो तिथेच अडकून किडनी हळूहळू निकामी करू शकतो. असं ताटकळत ठेवणं म्हणजे उपचार नव्हे, ती हेळसांड आहे. याबाबतीत आपल्याकडचा रुग्ण सुदैवी म्हणायचा, कारण पैसे भरायची ऐपत असेल तर त्याला तारीख लगेच मिळते.

म्हणून भावाला सांगितलं की चार आठवडे थांबायला हरकत नाही, पण पुढच्या तपासणीची तारीख आजच घे. खडा नेमका कुठे आहे, किती कठीण आहे आणि किडनीला सूज आहे का, हे युरॉलॉजिस्टना स्पष्ट विचार. थंडी वाजून ताप आला तर मात्र एक रात्रही थांबायचं नाही. अडलेल्या किडनीत जंतुसंसर्ग झाला तर जिवावर बेततं, आणि तेव्हा खडा बाजूला ठेवून आधी तुंबलेल्या लघवीला वाट करून द्यावी लागते.

दोन्हीकडे सारखीच दुर्लक्षित राहिलेली एक गोष्ट आहे. खडा पडला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि तो कशाचा होता हे कुणी पाहत नाही. एकदा झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना दहा वर्षांत पुन्हा त्रास होतो. भावाने लघवी गाळून घ्यावी, सापडलेला खडा प्रयोगशाळेत द्यावा आणि दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं. आणि खडा कॅल्शियमचा निघाला तरी डॉक्टरांना न विचारता आहारातलं कॅल्शियम तोडू नये. ते कमी केलं की आतड्यातून ऑक्झलेट जास्त शोषलं जातं आणि नव्या खड्यांना उलट चालना मिळते.