रामसेंचा पिच्चर एन्जॉय कसा करावा

रामसे म्हणजे हिंदीत भुताचे पिच्चर काढणारे भाऊ-भाऊ. त्यांचा जुना पिच्चर बघायचा नसतो हो, एन्जॉय करायचा असतो. चारचौघांत, तिकीट काढून, एखाद्या कॅफेत. परवाच्या शनिवारी मला हे ज्ञान झालं, तुम्हाला फुकट देतोय.

सगळ्यात आधी सामरी नावाच्या भुताचं तोंड छापलेला टी-शर्ट घ्या. सामरी कोण, कुठल्या पिच्चरमधला, याच्याशी तुम्हाला काय करायचंय.

भूत दिसलं की 'रामसे' म्हणायचं. भुताचे पिच्चर काढणारे दुसरे कोणी, मोहन भाकरी, कांती शाह, सगळे रामसेच.

रामसेंच्या वीराना पिच्चरचा विषय निघाला तर त्यातल्या हिरोइनच्या नावाने नुसतं 'जास्मिन...' म्हणून सुस्कारा टाकायचा, स्टोरी कोणी विचारत नाही.

आता मेन गोष्ट, हसायचं. दार करकरलं, हसा. धूर आला, हसा. आणि आयोजक माइक घेऊन पडद्याशेजारी उभा असेल तर सोन्याहून पिवळं, आमच्याकडे होता, पुराना मंदिर लावला होता, १९८४ चा, आणि हा गडी दर वाक्याला स्वतःचा जोक घुसवतोय, गाणी पुढे ढकलतोय, जगदीपचा मच्छरसिंग तर 'बोअर आहे' म्हणून अख्खा उडवला, म्हणजे शोलेची एवढी टिंगल केलीय ती गेलीच, बरं तेही सोडा, सामरीचं मुंडकं ठेवलेली पेटी उघडायची वेळ आली, धड एकीकडे मुंडकं एकीकडे, आता दोन्ही जुळणार म्हणून मी सरसावून बसलो तर याने पॉज केला. पॉज! म्हणे क्विझ. 'हा मेकअप केवढ्याचा असेल?' बरोबर उत्तराला कोल्ड कॉफी. आणि सगळा कॅफे 'पन्नास रुपये, पन्नास रुपये' ओरडतोय.

अरे पन्नास रुपयेवाल्यांनो, ज्याच्या तोंडाला हसताय तो सामरी झालेला अनिरुद्ध अग्रवाल रुरकीला शिकलेला इंजिनियर आहे, आणि निम्मं भूत तर त्याच्या उंचीतच आहे. १९७० ला रामसेंनी पृथ्वीराज कपूरला घेऊन काढलेला पिच्चर आपटला, तर रडत नाही बसले, थेटरात जाऊन पब्लिक बघितलं. लोक फक्त मुखवटा घालून चोरी करायच्या सीनला येतायत हे कळलं, आणि तेवढ्यावर पुढचा धंदा उभा केला. १९७२ चा दो गज ज़मीन के नीचे करायला घरादारासकट महाबळेश्वरला गेले, सेटचा खर्च नको म्हणून गेस्ट हाऊसमध्येच शूटिंग, कॅमेऱ्याला गंगू, साउंडला किरण, डायरेक्शनला तुलसी आणि श्याम, सगळे सख्खे भाऊ, जेवण घरच्या बायकांच्या हातचं, आणि ४० दिवसांत साडेतीन लाखात पिच्चर करून मोकळे. त्यांनी पब्लिककडे जेवढं लक्ष दिलं त्याच्या निम्मं तरी तुम्ही पडद्याकडे द्याल का?

हसू नका असं नाही. भूत चालायला फार वेळ लावतं, मलाही हसू येतं. पण तुम्ही हसता ते घाबरायची लाज वाटते म्हणून. ९३ ला टीव्हीवर झी हॉरर शो बघून रात्री मोरीत एकटं जायची टाप नव्हती कोणाची, आणि आता तिशी-चाळिशीतले बाप्ये 'सो बॅड इट्स गुड' करतायत. घाबरा की जरा. पैसे कशाचे भरलेत?

तो माइक खाली ठेवा, दिवे घालवा आणि अडीच तास गप बसा. गाण्यांसकट.