उघड्या तोंडाने ऐकलेली मालिका

परवा दातांच्या दवाखान्यात एका अनोळखी बाईंनी माझी कीव केली. दाढ ठणकत होती म्हणून केली असती, तर मी ती आनंदाने पदरात पाडून घेतली असती. पण कारण निराळेच होते.

शेजारच्या खुर्चीतल्या त्या बाई गालाला रुमाल लावून पलीकडच्या आजोबांना सांगत होत्या, "शेवटी तिने त्याला घराबाहेर काढलेच. किती म्हणून सोसायचे माणसाने?" त्यावर आजोबा म्हणाले, "मुलगा धड नाही, हे मी लग्नातच ओळखले होते." दोघांचे चेहरे इतके सुतकी होते की, गप्प बसणे मला माणुसकीला धरून वाटेना. मी म्हणालो, "माझ्या ओळखीचे एक चांगले वकील आहेत."

"वकील? वकिलानेच तर तिचे घर लुटले!"

"मग पोलिसांत तक्रार करा."

"तिथला साहेब तिचा दीर आहे."

"अरेरे! निदान मुलाकडे बघून तरी..."

"तो तिचा मुलगाच नाही. प्रसूतिगृहात अदलाबदल झाली होती."

मी हादरून गेलेला पाहून आजोबांना उलगडा झाला. "हे मालिका बघत नसावेत," ते म्हणाले. बाईंनी आवाज खाली आणून अत्यंत मायेने विचारले, "का हो? डोळ्यांचे काही आहे का?"

डोळे ठणठणीत असून वेळ मिळत नाही, असे मी सांगितले. "मग संध्याकाळी करता काय?" या प्रश्नाला मात्र मला उत्तर देता आले नाही, कारण संध्याकाळी मी मोबाइलवर अनोळखी माणसांची भांडणे वाचतो. एवढ्यात नावे लिहून घेणारी मुलगी टेबलावरून वाकून म्हणाली, "काका, आधीचे भाग थोडक्यात सांगू का?"

लोक मालिका का पाहतात, हा प्रश्न जुना आहे. हेर्टा हर्झॉग या संशोधिकेने तो रेडिओच्या काळातच, दुपारच्या मालिका ऐकणाऱ्या अमेरिकन बायकांच्या बाबतीत विचारला होता. 1944 साली तिने मांडलेली उत्तरे अशी की, त्यांना मनसोक्त रडून मोकळे होता येते, स्वप्नरंजन करता येते आणि संसारात कसे वागावे याचा सल्लाही मिळतो. मला त्यात चौथे कारण घालावेसे वाटते. बाईंचा नंबर आला तेव्हा आजोबांनी त्यांना "आपले नाव काय?" असे विचारले, आणि तेव्हा कुठे मला कळले की ही दोन माणसे अर्ध्या तासापूर्वी एकमेकांना ओळखतही नव्हती. जिच्याविषयी वाटेल ते बोलले तरी जी भांडायला येणार नाही, अशी एक समाईक नातेवाईक त्यांना मिळाली होती. मी मात्र त्या घराण्याबाहेरचा होतो. हे सगळे मान्य करूनही राग जात नाही. ज्याने जन्मात एक कविता वाचलेली नाही, त्याच्या डोळ्यांची चौकशी कोणी कधी केली आहे काय?

माझा नंबर लागला. इंजेक्शनने निम्मे तोंड बधिर झाले, गालात कापसाचे बोळे बसले, लाळ ओढणारी नळी ओठावर अडकली आणि बाहेरचे सर्व ऐकलेले डॉक्टर उत्साहाने कथानक सांगू लागले. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी 1956 साली पडद्यावरची माणसे आणि प्रेक्षक यांच्यातल्या एकतर्फी जवळिकीचे वर्णन केले होते: समोरचा आपल्याशीच बोलतो आहे असे वाटते, पण आपले त्याला ऐकू जात नाही. त्या खुर्चीत मी नेमका तो प्रेक्षक होतो. डॉक्टर म्हणाले, "आणि घर लुटले दिराने." हे साफ चूक होते. दीर पोलिसांत होता, लुटले वकिलाने! मी जिवाच्या आकांताने "अं, अं" केले. "दुखते आहे का?" असे म्हणून त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिले.

पुढच्या खेपेसाठी त्या मुलीने गुरुवार सुचवला. बाई पुन्हा कधी येणार आहेत, असे मी वाकड्या तोंडाने विचारले आणि मंगळवार मागून घेतला. त्या दिवशी नुसती टाके तपासणी आहे; तोंड बधिर करणार नाहीत.