पान सोडा, मग आजारी पडा

वर्तमानपत्रात नोकरी करणाऱ्याने आजारी पडताना घड्याळ बघून पडावं. सकाळी अकराला फोन केला तर न्यूज एडिटर म्हणतात, "अभी तो पूरा दिन पड़ा है, शाम तक ठीक हो जाओगे." दुपारी चारला, मीटिंगच्या तोंडावर केला तर, "पहले बताना था ना भिया!" आणि संध्याकाळी सातनंतर केला तर पलीकडून नुसता सुस्कारा येतो. मागे कुणीतरी ओरडत असतं, "पाँच नंबर कौन देखेगा?" पाच नंबर म्हणजे मी, ते पान लावून छपाईला सोडणारा. माझं नाव, गाव, बापजाद्यांचं गोत्र सगळं बाजूला. ऑफिसात मी पान क्रमांक पाच आहे, आणि पानाला ताप येत नाही.

इंदुरात मराठी घरातला मुलगा हिंदी वर्तमानपत्रात जातो याचं कुणाला नवल वाटत नाही. 'नईदुनिया'चे संपादक राहुल बारपुते आपलेच, असं सांगून काकांनी मला या धंद्यात ढकललं. अंगात एकशे दोन ताप असताना पान कसं लावायचं, हे मात्र काकांनी सांगितलं नाही.

कायदा आमच्या बाजूने होता, हे कबूल करायला हवं. श्रमजीवी पत्रकारांसाठी १९५५ साली जो कायदा झाला, त्यात डॉक्टरी सर्टिफिकेटवर रजा मिळायची सोय होती: सेवेच्या काळाचा किमान अठरावा हिस्सा, अर्ध्या पगारावर. म्हणजे अठरा दिवस राबा आणि एक दिवस कण्हा, तेही अर्ध्या पैशात. भारतीय युद्धही अठराच दिवस चाललं होतं, त्यामुळे हा आकडा कुणाला कुठे सुचला असेल याबद्दल मला दाट संशय आहे. त्यात भीष्मांचं बघा. दहाव्या दिवशी पडले, अंगावर तीळ ठेवायला जागा नाही इतके बाण, पण शरपंजरी पडल्या पडल्या राजधर्मावर मजकूर अखंड चालू. आमच्या न्यूज एडिटरांच्या मनातला आदर्श उपसंपादक तो हाच असणार. घरी जायचं नाव नाही, सर्टिफिकेटची मागणी नाही आणि कॉपी वेळेवर.

रिपोर्टरचं एक बरं असतं. तो घशाला मफलर गुंडाळून फोनवर चार ओळी सांगतो आणि झोपतो. डेस्कवाल्याला, म्हणजे ऑफिसात बसून बातम्या नीट करून पान लावणाऱ्याला, ती सोय नाही. म्हणून डेस्कवाल्याच्या आजारावर पुरावा मागितला जातो, आणि एका पुराव्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, कारण दोन सूत्रांकडून खात्री केल्याशिवाय काही छापायचं नाही हे सगळ्यांच्या अंगी मुरलेलं. रजेचा अर्ज दिला तर तोही संपादित होऊन परत येतो. माझ्या एका अर्जावर लाल पेनाने शेरा होता: "इंट्रो कमज़ोर. लौटेंगे कब, यह ऊपर लो." पोटदुखीचं वर्णन पूर्ण कापलं होतं. निर्दयपणे, पण नेमकं कापलं होतं, हे मान्य करतो.

पुरावे मागण्यामागे इतिहासही आहे. आमच्यातल्या एकाने पोट बिघडल्याची रजा टाकली. त्याच रात्री सिटी एडिशन छपाईला सोडून सगळं डेस्क नेहमीप्रमाणे सराफ्यात गेलं. दिवसा तिथे सोनं विकतात आणि रात्री दुकानं बंद झाली की त्याच पायऱ्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात, हे इंदूरच्या पोराटोरालाही ठाऊक. तर पोट बिघडलेले हे गृहस्थ भुट्ट्याच्या किसाची दुसरी प्लेट घेऊन उभे, वर जिरावण भुरभुरून घेत. न्यूज एडिटर शांतपणे त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "हल्का खाना चल रहा है?" ज्या गावात रात्री एक वाजता जागी असलेली एकच जागा आहे आणि तिथे तुमचं अख्खं ऑफिस जेवतं, त्या गावात खोटं आजारी पडणाऱ्याला अक्कल कमी, असं माझं मत आहे.

माझा आजार खरा होता. पावसाळा सरताना ताप आला, डोळ्यांच्या मागे ठणका लागला, सांधे असे धरले की चप्पल घालताना आई आठवली. डॉक्टरांनी नाडी बघितली, रक्त तपासायला सांगितलं, आणि मी कुठे काम करतो ते कळल्यावर ड्रॉवर उघडला. मला वाटलं गोळ्या देतात. त्यांनी प्रेसनोट काढली. रविवारी मोफत शिबिर होतं. "जरा अच्छी जगह लगवा दीजिए," म्हणाले. मी प्रिस्क्रिप्शन आणि प्रेसनोट एकाच खिशात घालून घरी आलो, आणि मेडिकलवाल्यासमोर आधी प्रेसनोटच बाहेर आली.

रिपोर्ट आला: डेंगू. आपलं इंदूर २०१७ पासून देशात स्वच्छतेत पहिलं येतंय. डेंगूचा डासही घाणीत अंडी घालत नाही, त्याला स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं, आणि चावतोही दिवसाढवळ्या. इतका नीटनेटका डास या गावाला शोभूनच दिसतो.

मग प्लेटलेट्स सुरू झाल्या. धडधाकट माणसाच्या रक्तात, मायक्रोलिटरला, त्या दीड लाखांच्या वर असतात. माझ्या नव्वद हजार निघाल्या. हा आकडा ऑफिसात कळला मात्र, आणि आयुष्यात पहिल्यांदा डेस्कने माझ्यात रस घेतला. दर काही तासांनी फोन. "कितने हुए?" "पचासी हजार." "रुझान है कि फाइनल?" मतमोजणीच्या रात्री जागून जागून या लोकांना दुसऱ्या कुठल्या पद्धतीने आकडा समजतच नाही. एकाने तर मागच्या वेळेपेक्षा किती घट झाली त्याची टक्केवारीही काढली.

घरी वेगळंच मैदान. शेजारच्या मावशी पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या, वरच्या मजल्यावरचे काका किवी, आणि एकाने बकरीच्या दुधाचा भाव काय झालाय ते मला पडल्या जागी ऐकवलं. सौ. मऊ भात आणि मेतकूट यांपलीकडे काही देत नव्हती. तोंडाला चव म्हणून मी पोह्यांचं नाव काढलं, तर आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पांघरूण ओढून घेतलं. आईचा धीर द्यायचा मासला ठरलेला आहे. "कुमार गंधर्व १९४८ साली क्षय घेऊन देवासला आले. वर्षानुवर्षं गाता येत नव्हतं. पडल्या पडल्या माळव्याची लोकगीतं ऐकली आणि पुढे त्यातून केवढं गाणं उभं केलं! तू नुसता छताकडे बघतोस." मी म्हटलं, "आई, त्यांना रात्री नऊला पाच नंबर सोडायचं नव्हतं."

मला मात्र सोडायचं होतं. पूर्वी निदान आजारी माणूस ऑफिसात आला नाही तर पान दुसऱ्याच्या गळ्यात पडायचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरून पान लावता येतं हा शोध लागला आणि आजारपणाच्या रजेवर तिथेच माती पडली. आता तुम्ही आजारी आहात म्हटलं की फार आपुलकीने सांगतात, "आना मत, बिलकुल मत आना. घर से ही देख लेना." उशीला टेकून, सलाइनचा हात उचलून मी पान पाच बघितलं. लीड, म्हणजे पानाची मुख्य बातमी, होती डेंगूची. डॉक्टरांचा सल्ला चौकटीत: भरपूर पाणी प्या, पूर्ण विश्रांती घ्या. चौकट दोन ओळी लांब होत होती. विश्रांतीची ओळ मी कापली.

केस नोंदली गेल्यामुळे मलेरिया विभागाची टीम घरी आली. कूलर कोरडा होता, फ्रिजमागचा ट्रे कोरडा होता, कुंड्यांखाली काही नव्हतं. मी खाटेवरून विजयी चेहऱ्याने बघत होतो. मग त्यातल्या एकाने खिडकीतली बाटली उचलली. सरबताची जुनी बाटली, त्यात मनी प्लांट. सौ.ने बऱ्हाणपूरच्या माहेराहून फांदी आणून मोठ्या हौसेने लावलेलं. पाणी इतकं नितळ की पांढरी मुळं मोजून घ्यावीत. त्याने टॉर्च मारला. पाण्याच्या वरच्या थराला डोकं खाली करून बारीक बारीक अळ्या लोंबत होत्या. बाटलीवर हाताची सावली पडली तशा सगळ्या वळवळत तळाशी गेल्या. "देखिए," तो अगदी प्रदर्शन मांडल्यासारखा म्हणाला. बरोबर फोटो काढायला आमच्याच पेपरचा नवा रिपोर्टर होता. त्याने बाटलीवरून कॅमेरा खाटेकडे वळवला आणि दचकला. "अरे भाईसाहब, आप?"

सौ.ने बाटली हातातून काढून घेतली आणि पाणी मोरीत ओतलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणजे दोष माझाच ठरला होता.

बातमी तयार झाली. संध्याकाळी न्यूज एडिटरांचा फोन. मी म्हटलं, "भाईसाहब, ही नको." ते म्हणाले, "ख़बर तो ख़बर है. पर घर का मामला है, सिटी में नहीं लेते. डाक में डाल देते हैं, आपका नाम भी नहीं देंगे. एक बार कॉपी देख लो, आप तो मौके पर ही हो." डाक एडिशन म्हणजे खंडवा, बऱ्हाणपूर, झाबुआकडे जाणारा अंक; गाडीला रात्रभर पळायचं असतं म्हणून आधी सुटतो. इंदुरात तो कुणाच्या हाती पडत नाही. अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. मी कॉपी बघितली, दोन क्रियापदं नीट केली, आणि शीर्षक दिलं: 'मनी प्लांट में पल रहा था डेंगू'. दोन कॉलमात बरोब्बर बसलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तापातही हात शाबूत आहे याचं बरं वाटलं.

सिमरोलचा घाट उतरून अंक पहाटे बऱ्हाणपूरला पोचला असावा, कारण सहाच्या सुमाराला सासऱ्यांचा फोन आला. पेपर ते पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानावरच्या मुद्रकाच्या नावापर्यंत वाचतात.

"जावईबापू, बातमी वाचली," ते म्हणाले. "'एक पत्रकार के निवास पर' एवढंच लिहिलंय. मनी प्लांट आमच्या घरचं, हे कुठेच आलेलं नाही."