मी गरीब आहे, आजारी नाही

गाण्याच्या क्लासच्या ग्रुपवर बाईंनी आज लिहिलं, पुढच्या महिन्यापासून फी २०० रुपयांनी वाढेल. लगेच एका पालकांचा फॉरवर्ड हजर. चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसचा लाडका शिष्य यान हुई: टोपलीभर भात, तुंबाभर पाणी, गल्लीतलं दरिद्री घर, तरी आनंद ढळला नाही. खाली जोडलेले हात आणि 'खरी कला पैशात मोजत नाहीत.' डोकंच फिरलं माझं.

अहो, सांगायचीच तर युआन श्यानची गोष्ट सांगा ना! तोही त्याच गुरूचा शिष्य. लू राज्यात झोपडी, बूड गेलेल्या रांजणाची खिडकी, वरून गळतंय, खाली ओल, आणि हा ताठ बसून तंतुवाद्य छेडतोय. भेटायला आला गुरुबंधू झिगाँग, व्यापारात गबर झालेला. त्याचा रथ गल्लीत शिरेना. दारातलं ते ध्यान बघून म्हणाला, "अरेरे, काय आजार झालाय तुला?" युआन श्यान म्हणाला, "पैसा नसणं ही गरिबी. शिकूनही तसं न वागणं हा आजार. मी गरीब आहे, आजारी नाही." (कन्फ्यूशियसवाल्यांची टर उडवणाऱ्या ताओवादी तत्त्वज्ञ झ्वांगझीच्या ग्रंथातली गोष्ट आहे ही. असो.)

हे वाक्य त्याच्या तोंडी शोभतं. रथात बसलेल्याने ते फॉरवर्ड करायचं नसतं.

बाईंकडे मीही शिकले. पावसाळ्यात पेटीवर मेणकापड, कोपऱ्यात बादली. टपटप सुरू झाली की बाई म्हणायच्या, "घ्या, ठेका आला, आता लय सोडायची नाही." विनोद त्यांचा होता. तो करायचा हक्कही त्यांचाच.

महागाई सगळ्यांनाच आहे, मान्य. पण ज्यांना खरंच जड जातं त्यांच्याकडे बाईंनी कधी फी मागितलेली नाही. फॉरवर्डवाल्यांची गाडी तर बाईंच्या बोळात वळतसुद्धा नाही!

आणि याच युआन श्यानला गुरूने कारभारी नेमलं तेव्हा ९०० मापं धान्य देऊ केलं होतं. तो नको म्हणाला, तर गुरू म्हणाला, नाकारू नकोस, जास्त झालं तर शेजारीपाजारी वाट. हे नाही येत कुणाच्या फॉरवर्डमध्ये. यान हुईचं कौतुक करणारा गुरू स्वतःही चेन आणि त्साय राज्यांच्या मधे उपाशी अडकला होता, तरी त्याचं वाद्य थांबलं नाही. अशाने म्हणावं की गरिबीत आनंद असतो.

यान हुई तरुणच गेला. गुरू इतका रडला की शिष्यांना ते अति वाटलं. पण यान हुईच्या बापाने आतल्या पेटीवरच्या दुसऱ्या, बाहेरच्या शवपेटीच्या खर्चासाठी गुरूचा रथ मागितला, तेव्हा गुरूने दिला नाही. म्हणे स्वतःचा मुलगा गेला तेव्हाही दिला नव्हता, आणि दरबारी माणसाने पायी फिरणं बरं दिसत नाही. इथे मला गुरूचाही रागच येतो. कौतुक फुकट असतं, रथ नसतो.

झिगाँगला निदान लाज वाटली, मान खाली घालून मागे फिरला. पुढे गुरू गेल्यावर सहा वर्षं समाधीपाशी राहिलेला तोच. श्रीमंत माणूस वाईटच असतो असं कुठे म्हणतेय मी?

बाईंना पावसाआधी पत्रे बदलायचेत, फी त्यासाठी वाढलीय. त्या ग्रुपवर हे कधीच सांगणार नाहीत, म्हणून मी इथे सांगतेय. ते पालक माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.