बस सुटायच्या आधीची पंधरा मिनिटं

इंदूरहून पीथमपूरला रोज ये-जा करून मला चौदा वर्षं झाली. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. टीमवर्कवर आमच्यासाठी कितीतरी कार्यक्रम झाले, रिसॉर्टवर रस्सीखेचही झाली. मजा आली, ओळखी वाढल्या. पण दोन शिफ्टमधला तंटा तिथे मिटत नाही. तो मिटतो मशीनपाशी, चार्ज देता-घेताना, म्हणजे जाणारी शिफ्ट येणारीला काम सोपवते तेव्हा. हे मी कळकळीने लिहितेय, कारण मी ते भोगलंय.

दोन वर्षांपूर्वी सकाळच्या शिफ्टला ब्लिस्टर मशीनच्या, म्हणजे गोळ्यांच्या स्ट्रिपा बनवणाऱ्या मशीनच्या, सीलिंग रोलरचा हीटर मध्येच गार पडत होता. हा रोलर तापूनच स्ट्रिपवर फॉइल घट्ट चिकटवतो. मेंटेनन्सच्या मुलाने कनेक्शन घट्ट केलं, मशीन चाललं. दर अर्ध्या तासाने तापमान बघा, असं तो ऑपरेटरला बजावून गेला. लॉगबुकात मात्र एवढंच होतं: 'हीटर अटेंड केला, मशीन ओके.' तीनला शिफ्ट बदलायची आणि तीन-पाचला बस सुटायची. जाणारे गेटकडे धावले, येणारे चेंजरूममध्ये. मी दुपारच्या शिफ्टला होते. 'ओके' वाचलं आणि मशीन चालू ठेवलं.

लीक टेस्टला स्ट्रिपा निळ्या पाण्यात बुडवून व्हॅक्यूम देतात. मग स्ट्रिप पुसायची, फॉइल फाडायचं. गोळी पांढरीशुभ्र निघाली पाहिजे; निळी निघाली तर सील कच्चं, पाणी आत शिरलं. त्या संध्याकाळी माझ्या हातातल्या स्ट्रिपमध्ये दहापैकी तीन गोळ्या निळ्या निघाल्या. आधीच्या चांगल्या टेस्टनंतरचा सगळा माल बाजूला काढला. पोरी रात्रीपर्यंत एकेक स्ट्रिप फोडत बसल्या होत्या. क्वालिटीवाले पॅकिंगवर चिडले, पॅकिंगवाले मेंटेनन्सवर. तो मुलगा एकच सांगत होता, "मॅडम, मैंने तो बोल दिया था." आणि ते खरंच होतं! सांगितलेलं ज्याच्या कानावर पडलं, तो बसमध्ये बसून निघून गेला होता.

6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर 167 माणसं गेली. दुरुस्तीसाठी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता, हे रात्रीच्या शिफ्टपर्यंत पोचलंच नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हा व्हॉल्व्ह काढलेला पंपच सुरू करायला घेतला, आणि वायू गळून स्फोट झाला. आमच्याकडे गोळ्या वाया गेल्या, तिथे माणसं गेली. धागा मात्र तोच.

आमच्या मेंटेनन्सच्या मुलाने 'ओके' का लिहिलं, यावर मी पुष्कळ विचार केला. 'तात्पुरतं केलंय, लक्ष ठेवा' असं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यालाच बोलावून झापलं असतं. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1990च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम अभ्यासल्या. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त आढळली, कारण तिथे चूक बोलून दाखवायची भीती नव्हती. म्हणून साहेबलोकांना माझं सांगणं आहे: लॉगबुकात अर्धवट काम लिहिणाऱ्याला आधी शाबासकी द्या, चौकशी मागाहून करा.

माझे बाबा इथल्या कापड मिलमध्ये होते. बदलीवाला येऊन मागापाशी उभा राहिल्याशिवाय ते माग सोडत नसत. भोंगा झाला तरी नाही.

आम्ही भांडून बस सव्वातीनची करून घेतली. चार्ज आता ऑफिसात नाही, मशीनसमोर उभ्यानेच देतात. काय चालू आहे, काय अर्धवट आहे, मनात कशाची धाकधूक आहे, हे जाणाऱ्याने सांगायचं आणि येणाऱ्याने आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. पहिला महिनाभर सगळे लाजत होते. 'धाकधूक' विचारल्यावर तर कुणी तोंडच उघडेना. ते मीच आधी सांगायला लागले, मग हळूहळू इतरही बोलू लागले.

परवा तोच मुलगा डबा खांद्याला लावून गेटपर्यंत गेला आणि उलट पावली परत आला. "मॅडम, फीडर की आवाज़ थोड़ी अलग है, नाप में कुछ नहीं मिला, पर सुन लेना." फीडर म्हणजे मशीनमध्ये गोळ्या सोडणारा भाग. आम्ही दोघं मशीनला कान लावून उभे राहिलो. बस त्याच्यासाठी दोन मिनिटं थांबली.