स्केलिंगने दात हलतात म्हणे! त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा की, आपल्या आज्या मशेरी नाहीतर कोळसा-मीठ लावायच्या आणि नव्वदीतही ऊस सोलून खायच्या, पेस्टमधलं फ्लोराइड विष आहे, डेंटिस्टकडे दात साफ केले (म्हणजे स्केलिंग) की हलायला लागतात, आणि दाढ दुखलीच तर लवंग धरा, हजारो रुपये वाचवा. माझ्याकडे चार ग्रुपवरून आलाय म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी ती ऊस सोलणारी आज्जी. असेलही बाबा, पण तिच्याच वयाच्या, पन्नाशीत तोंडाचं बोळकं झालेल्या बायका आठवत नाहीत का कुणाला? पान कुटायचा तो छोटा खलबत्ता घराघरात कशाला होता मग? आणि ज्यांचे दात टिकले त्यांच्या तोंडात साखर दिवसातून कितीदा जायची तेही बघा ना. आपलं चहा-बिस्किट, मग पुन्हा चहा, मधेच चॉकलेट, आणि दर वेळी साखर गेली की तोंडातले जंतू तिचं ॲसिड बनवतात आणि ते बराच वेळ दातावर काम करत राहतं, म्हणून साखर किती खाल्ली याच्याइतकंच कितीदा खाल्ली तेही महत्त्वाचं.

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, विषय संपला. ती लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही म्हणतात ना, ती तल्लफ आहे, औषध नाही. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनेच 1992 साली बंदी घातलीये. कोळसा, जाडं मीठ, विटेचा भुगा यांनी दात चकचकीत होतात कारण वरचा थर खरवडला जातो, तो परत येत नाही आणि त्याच्या खालचा थर मुळातच पिवळट असतो. हिरडीच्या कडेला दातावर नख फिरवून बघा, खाच लागते का. तिथेच थंड पाणी झोंबतं. (कडुलिंबाच्या काडीशी माझं भांडण नाही, फक्त ती दाढांच्या मागे नीट पोचत नाही.)

फ्लोराइडचं अर्धं खरं आहे, म्हणून लोक फसतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि तिथे दातांवर डाग, हाडांचा त्रास हे खरंच होतं. पण ते वर्षानुवर्षं पोटात गेलेलं पाणी. आपल्याकडे पेस्टला मर्यादा 1000 पीपीएमची, म्हणजे एका ग्रॅममध्ये 1 मिलिग्रॅम. वाटाण्याएवढी पेस्ट साधारण पाव ग्रॅम, म्हणजे सगळी गिळलीत तरी पाव मिलिग्रॅम, आणि आपण तर थुंकतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, करा हिशोब. तीन वर्षांखालची पोरं गिळतात, त्यांना तांदळाच्या दाण्याएवढीच द्या.

आता स्केलिंग. खालच्या पुढच्या दातांच्या मागून जीभ फिरवा. खडबडीत काहीतरी लागलं? ते किटण. लाळेतलं कॅल्शियम दातावरच्या चिकट थरात बसून त्याचा दगड होतो आणि लाळेच्या ग्रंथी तिथेच जिभेखाली उघडतात म्हणून तिथे सगळ्यात जास्त. ब्रशने तो निघत नाही. त्याच्या आधाराने जंतू हिरडीखाली जातात, हिरडी सुजते, रक्त येतं, पुढे आतलं हाड झिजतं. दात सैल होतो तो तेव्हाच, पण किटणाने शेजारचे दात जखडून धरलेले असतात म्हणून कळत नाही. साफ केल्यावर फट दिसते, दात हलतो, आणि शिव्या कुणाला, तर डेंटिस्टला! काही दिवस झिणझिण्या येतात हे मात्र खरं. आणि रक्त येतं म्हणून ब्रश करायचं सोडतात लोक, ते तर उलटंच, मऊ ब्रशने हलक्या हाताने चालू ठेवलं की साधी सूज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. नाही उतरली तर दाखवा, शुगर असेल तर वाटच बघू नका.

लवंगेने दाढ बधिर होते, खरंय, तिच्यातलं युजेनॉल दंतवैद्यही वापरतात. पण कीड तिथेच राहते. मग एक दिवस ठणका आपोआप थांबतो, माणूस खूश, आणि आत दाताची नस मेलेली असते. पुढची पायरी गाल सुजणं.

आणि तळटीप होती की वरची दाढ काढली की नजर जाते. दाढेची नस वेगळी, नजरेची वेगळी. दाढा पडायचं आणि मोतीबिंदूचं वय एकच, एवढाच काय तो संबंध.

एवढ्या लांब मेसेजमध्ये रात्रीच्या ब्रशचा मात्र उल्लेखही नाही. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातात अडकलेलं अन्न धुतलं जात नाही, म्हणून सकाळचा एकवेळ चुकला तरी चालेल, रात्रीचा नको. दोन मिनिटं घासा, थुंका, वर तांब्याभर पाण्याने चुळा भरू नका, आणि नंतर बाळाच्या तोंडात दुधाची बाटली देऊन झोपवू नका.