नुसतं ब्लूटूथ ५.० आहे म्हणून दोन हेडफोन चालतात असं नाही

"लॅपटॉपला ब्लूटूथ ५.० असलं की दोन वायरलेस हेडफोनवर एकदम आवाज येतो. जुना लॅपटॉप असेल तर ५.० चा डोंगल (यूएसबीत खोचायचं ब्लूटूथ) लावा. मल्टिपॉइंटवाले हेडफोन घेतलेत तर सातपर्यंत चालतात." हा सल्ला जिकडेतिकडे फिरतोय आणि लोक त्यापायी डोंगलला पैसे घालतायत.

आधी ५.० बघू. ही आवृत्ती डिसेंबर २०१६ ची. वेग आणि पल्ला वाढला तो तिच्यातल्या कमी वीज खाणाऱ्या 'एलई' भागाचा. हेडफोनपर्यंत गाणी नेणारी ए२डीपी ही जुनी पद्धत होती तशीच राहिली. मग ही समजूत आली कुठून? माझ्या मते २०१७ च्या सॅमसंग गॅलॅक्सी एस८ पासून. त्यात ५.० पण होतं आणि दोन हेडफोनवर एकदम आवाज देणारं 'ड्युअल ऑडिओ' पण. करामत सॅमसंगच्या सॉफ्टवेअरची, नाव झालं ५.० चं.

म्हणूनच डोंगलनेही काही होत नाही. विंडोजमध्ये दोन्ही हेडफोनपुढे 'कनेक्टेड' दिसतं, पण आउटपुटच्या यादीतून निवडता येतो एकच.

सातचा आकडा खरा आहे, पण तो जोडण्यांचा. त्यात माउस-कीबोर्डही आले. एसबीसी या आवाज दाबून पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीत चांगल्या प्रतीचा आवाज सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट खातो. सात जणांचे झाले २३०० च्या आसपास, आणि ए२डीपी ज्यावर चालतं त्या जुन्या, 'क्लासिक' ब्लूटूथवर हाती लागतात फार तर २१०० च्या जवळपास. गणितच जमत नाही.

मल्टिपॉइंट तर नेमकं उलटं: एक हेडफोन, दोन यंत्रं.

'विंडोजमधलं स्टिरिओ मिक्स चालू करा' असंही सांगतात; हा उपाय अर्धाच खरा. स्टिरिओ मिक्स लॅपटॉपच्या साउंड कार्डातून जाणारा आवाज पकडतं. आउटपुट ब्लूटूथला दिलंत की त्याची आवाज दाखवणारी हिरवी पट्टी ढिम्म हलत नाही. त्यामुळे स्पीकर आणि एक हेडफोन जमतं, दोन हेडफोन नाही.

जमवायचंच असेल तर विंडोजवर व्हॉइसमीटर हा आवाज वाटून देणारा प्रोग्रॅम घ्या, त्यातल्या ए१ आउटपुटला एक हेडफोन द्या, ए२ ला दुसरा. मॅकवर 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये मल्टि-आउटपुट डिव्हाइस बनवता येतं, मात्र मग कीबोर्डवरून आवाज कमी-जास्त होत नाही. दोन्हीकडे हेडफोन शक्यतो एकाच मॉडेलचे ठेवा. सिनेमा बघताना आवाज ओठांच्या मागे राहिला तर विंडोजवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये 'जे' दाबून तो पुढे ओढता येतो, पण ही दुरुस्ती दोघांना मिळून एकच. एकाचा उशीर जास्त, दुसऱ्याचा कमी असेल तर एक जण वैतागणारच.

खरा बदल ब्लूटूथ ५.२ वर उभ्या असलेल्या एलई ऑडिओत, म्हणजे त्या एलई भागातूनच आवाज नेण्यात आहे. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत दोन हेडफोनची सोय दाखवली, तीही मोजक्या नव्या लॅपटॉपवर आणि एलई ऑडिओवाल्या हेडफोनांसाठीच. ही सोय तुमच्याकडे नसेल आणि पैसे घालायचेच असतील तर लॅपटॉपच्या हेडफोन लावायच्या भोकात बसणारा, दोन हेडफोन जोडता येणारा ब्लूटूथ ट्रान्समीटर घ्या. विंडोजच्या लेखी तो साधा वायरचा हेडफोन असतो.